टोयोटा ८६ ला मोठी चाके आणि रुंद टायर बसवताना : मोजपट्टीपासून टॉर्क रेंचपर्यंत

मेलबर्नमध्ये मी वापरत असलेल्या २०१३ सालच्या टोयोटा ८६ ला मी पहिल्यांदा मोठी चाके बसवली, तेव्हा गाडी घराच्या उतारावरून रस्त्यावर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीतून पत्र्यावर खवणी फिरवल्यासारखा आवाज आला. जुन्या बाजारातून घेतलेला तो संच १८ इंची, ८.५ इंच रुंद, ३५ ऑफसेटचा होता आणि त्यावर २३५/४०आर१८ टायर चढवलेले होते (या आकड्यांचा अर्थ पुढे येईलच). विकणाऱ्याने "८६ ला बसतो" असे सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते, कारण पाचही नट व्यवस्थित बसले होते. चाक हबवर, म्हणजे ज्या फिरत्या तबकडीला ते नटांनी जोडले जाते तिच्यावर, बसणे आणि चाक गाडीत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान मला कमानीच्या आतले प्लास्टिकचे अस्तर फाटल्यावर झाले. पुढे दिलेली पद्धत त्यानंतरच्या दुसऱ्या, नीट मोजून केलेल्या प्रयत्नातून आलेली आहे. उदाहरण पहिल्या पिढीच्या ८६ चे असल्यामुळे सुबारू बीआरझेड या तिच्या जुळ्या गाडीलाही ते जसेच्या तसे लागू पडते, आणि हिशेबाची रीत कोणत्याही गाडीला चालते.

आधी हेतू ठरवा

चाकाचा व्यास वाढवणे आणि टायरची रुंदी वाढवणे या दोन गोष्टी एकत्रच बोलल्या जातात, पण त्यांची कामे निराळी आहेत. रुंद रिम आणि रुंद टायर यांमुळे वळणावर टायरच्या तळव्याला आधार मिळतो आणि रबर योग्य जातीचे असेल तर पकड वाढते. व्यास वाढवल्याने मोठी ब्रेक डिस्क बसायला जागा होते, साइडवॉल (रिमच्या कडेपासून तळव्यापर्यंतची टायरची बाजू) आखूड झाल्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा चटकन येतो आणि गाडी दिसायला भारदस्त होते. बाकी बहुतेक बाबतींत व्यासाची किंमतच मोजावी लागते. रिम जड होते, टायर महाग पडतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

८६ च्या बाबतीत हा विचार अधिकच करावा लागतो. २०१२ मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन २ लिटरचे, सुमारे २०० अश्वशक्तीचे आणि २०५ न्यूटन-मीटर टॉर्कचे आहे, आणि वजन साधारण साडेबाराशे किलोच्या आसपास. तिचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी गाडीला मुद्दामच बेताच्या पकडीचे टायर दिले, जेणेकरून कमी वेगातही मागचे चाक सरकल्याची मजा चालकाला घेता यावी. मूळचे मिशलिन प्रायमसी एचपी हे टायर काही बाजारपेठांत प्रियससारख्या काटकसरी गाडीवरही येत असत. त्यामुळे ज्यांना फक्त पकड हवी आहे त्यांनी आधी मूळच्याच १७ इंची रिमवर चांगल्या जातीचे २१५/४५आर१७ टायर घालून पाहावेत, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे. निम्म्या लोकांचे समाधान तिथेच होईल आणि हा लेख पुढे वाचण्याची गरज उरणार नाही.

वजनाबद्दल एक हिशेब ध्यानात ठेवावा. चाक पुढे जाते आणि फिरतेही, म्हणून टायरच्या तळव्याजवळ वाढलेला एक किलो गाडीला वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा ओढावा लागतो. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्याने खडबडीत रस्त्यावर चाकाला जमिनीला चिकटून राहणे अवघड जाते. दुकानदार जे वजन सांगतो ते पुष्कळदा नुसत्या रिमचे, आणि तेही हलक्यात हलक्या मापाचे असते. न्हाणीघरातला वजनकाटा काढून आधी स्वतः उभे राहावे, मग मूळचे चाक टायरसकट उचलून पुन्हा उभे राहावे आणि फरक लिहून ठेवावा. नव्या संचाचे वजन या आकड्यापेक्षा चाकामागे दोन किलोंहून अधिक भरत असेल, तर मी तो संच घेत नाही.

टायरच्या उंचीचा हिशेब

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावर मूळच्या टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो, आणि सगळी सुरुवात तिथून करायची. २१५/४५आर१७ याचा अर्थ टायरची नाममात्र रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे रिमचे ४३१.८, त्यात वरखाली दोन साइडवॉल प्रत्येकी ९६.७५, एकूण उंची ६२५.३ मिलिमीटर. नव्या टायरची उंची या आकड्याच्या जितकी जवळ असेल तितके बरे. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेता येतो आणि तीनच्या पुढे जाऊ नये, असा माझा दंडक आहे.

याच रीतीने नेहमी सुचवले जाणारे आकार तपासून पाहू. २२५/४५आर१७ ची उंची ६३४.३ भरते, म्हणजे १.४ टक्के जास्त. २४५/४०आर१७ ची ६२७.८, म्हणजे जवळजवळ मूळइतकीच. २२५/४०आर१८ ची ६३७.२, म्हणजे १.९ टक्के जास्त. २१५/४०आर१८ ची ६२९.२, आणि हाच आकार पुढे दुसऱ्या पिढीच्या जीआर८६ ला कंपनीकडूनच आला. माझ्या फसलेल्या २३५/४०आर१८ ची उंची ६४५.२ होती. जवळजवळ २० मिलिमीटर जास्त! कागदावर पाच मिनिटे घालवली असती, तर तो संच मी घरी आणलाच नसता.

उंची वाढल्याचे परिणाम केवळ कमानीत घासण्यापुरते नसतात. चाकाचा घेर वाढला की काटा १०० दाखवत असताना गाडी २२५/४०आर१८ वर जवळपास १०२ च्या वेगाने जात असते. बहुतेक गाड्यांचे काटे मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे लहान फरक पचून जातो, मोठा पचत नाही. गिअरचे प्रमाणही तेवढ्याच टक्क्यांनी लांबते, आणि टॉर्क बेताचाच असलेल्या या गाडीत चढावर ते जाणवते.

पुढे एक आणि मागे दुसरा आकार घालण्याचा मोह टाळावा. एबीएस आणि गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करून निर्णय घेते, म्हणून उंचीतला फरक तिला गोंधळात टाकू शकतो. चारही टायर सारखे असले की पुढचे मागे करून झीजही सारखी करता येते, हा त्यातला घरगुती फायदा.

ऑफसेट : जिथे बहुतेकांचे गणित चुकते

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. तो पृष्ठभाग मध्यापासून बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. ८६ चे मूळ चाक १७ इंची, ७ इंच रुंद आणि ४८ ऑफसेटचे आहे, जे रिमच्या आत "ईटी ४८" किंवा नुसते "४८" असे कोरलेले दिसते. आकडा जितका मोठा तितके चाक आत, स्ट्रटकडे (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या दांड्याकडे) सरकते. आकडा लहान झाला की चाक मडगार्डच्या बाहेर येऊ लागते.

हिशेब असा करावा. रुंदीचे मिलिमीटर करून निम्मे करावेत. त्यात ऑफसेट मिळवला की रिमची आतली कड हबपासून किती आत आहे ते कळते, आणि वजा केला की बाहेरची कड किती बाहेर आहे ते कळते. मूळ चाकाचे निम्मे ८८.९ होतात. आतली कड १३६.९ वर आणि बाहेरची ४०.९ वर. आता १८ इंची, ८.५ इंच रुंद, ४५ ऑफसेटचे चाक घेऊ. निम्मे १०७.९५, आतली कड १५२.९५ वर, बाहेरची ६२.९५ वर. म्हणजे चाक आत १६ मिलिमीटर आणि बाहेर २२ मिलिमीटर सरकले. ऑफसेट फक्त तीनने बदलला असतानाही दोन्हीकडची जागा खाल्ली गेली, कारण रुंदी दोन्ही बाजूंना वाढते. "ऑफसेट जवळपास तोच आहे" असे म्हणून निर्धास्त होणारे लोक नेमके इथेच फसतात.

मात्र रिमची कड म्हणजे टायरची कड नव्हे. २१५/४५आर१७ हा टायर ७ इंची रिमवर प्रत्यक्षात सुमारे २१३ मिलिमीटर रुंद भरतो आणि रिमच्या दोन्ही बाजूंना थोडा फुगलेला असतो. २२५/४०आर१८ हा ८ इंची रिमवर सुमारे २३० भरतो, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरने वाढते, म्हणून ८.५ इंची रिमवर तो २३५ च्या आसपास जाईल. या आकड्यांनी वरचाच हिशेब पुन्हा केला तर टायर आत ८ आणि बाहेर १४ मिलिमीटरच सरकतो. पण ८.५ इंच हे माप टायर जिथे टेकतो तिथले असते आणि रिमचे ओठ धरून तिची खरी रुंदी आणखी सुमारे एक इंचाने जास्त असते, त्यामुळे या जोडीत रिमच टायरच्या किंचित बाहेर राहते. परिणाम असा की फुटपाथच्या कडेला गाडी लावताना पहिला ओरखडा रिमवर उठतो. म्हणून २२५ च्या टायरला मी ८ इंची रिमच पुरेशी मानतो. कोणत्या टायरला किती रुंदीची रिम चालते हे टायर बनवणारी कंपनी आपल्या तक्त्यात देते, आणि त्या मर्यादेबाहेर जाऊन टायर ताणून बसवण्याची फॅशन मला कधी समजलेली नाही.

माझ्या आवडीचा शेवटचा मेळ सांगून टाकतो. रोजच्या वापरासाठी १७ इंची, ८ इंच रुंद, ४५ च्या आसपास ऑफसेटची हलकी रिम आणि २२५/४५आर१७. ट्रॅकवर अधूनमधून जाणाऱ्यांसाठी १७ इंची, ९ इंच रुंद, ४५ ऑफसेट आणि २४५/४०आर१७, मात्र यात आतली आणि बाहेरची दोन्ही जागा अगदी काठावर येते आणि कॅम्बर (चाकाचा माथा आत-बाहेर झुकल्याचा कोन) बदलल्याशिवाय निभावत नाही. १८ इंची हवीच असतील तर ८ इंच रुंद आणि २२५/४०. १९ इंचांच्या वाटेला मी गेलो नाही. २२५/३५आर१९ मध्ये साइडवॉलची उंची अवघी ७९ मिलिमीटर राहते आणि स्पोर्ट्स कारने रस्त्यावरचा प्रत्येक दगड चुकवत जायचे, यात मला राम वाटत नाही.

भोके, आटे आणि मधले छिद्र

८६ च्या हबवर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पाच स्टड (ज्यांवर नट चढतात ते आट्यांचे दांडे) आहेत, म्हणजे पीसीडी ५ गुणिले १००. बाजारात जपानी स्पोर्ट्स गाड्यांची चाके बहुतांशी ५ गुणिले ११४.३ ची मिळतात आणि ती या गाडीला बसत नाहीत. मधले छिद्र ५६.१ मिलिमीटरचे आहे. बाहेरच्या कंपन्यांची चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या छिद्राची, बहुधा ७३.१ मिलिमीटरची, केलेली असतात. अशा वेळी ७३.१ ते ५६.१ मापाची कडी मध्ये बसवावी लागते. ती नसली तर चाक हबच्या मध्यावर नेमके येत नाही आणि महामार्गावरच्या वेगात स्टिअरिंग थरथरते. लोक मग पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष टायरवर ढकलतात.

नटांच्या बाबतीत एक सापळा आहे. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे आणि १.५ च्या आट्यांचे (म्हणजे दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) असतात. ८६ ची यांत्रिक बैठक सुबारूची असल्यामुळे तिचे आटे मात्र १.२५ चे आहेत. दुकानात "टोयोटाचे नट द्या" म्हटले की पहिला प्रकार हातात येतो, तो दोन-तीन फेरे फिरतो, मग अडकतो, आणि कोणी हवेच्या पान्याने जोर लावला तर स्टडचे आटे कायमचे चेपतात. नट नेहमी आधी बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज शेवटपर्यंत गेला पाहिजे. नवे चाक चढवल्यावर तो स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२ मिलिमीटर गेला पाहिजे, आणि १.२५ च्या आट्यांत ते साधारण दहा पूर्ण फेरे होतात. नटाचा निमुळता भाग रिममधल्या खोबणीशी जुळतो का, हेही पाहावे. निमुळत्या खोबणीत गोल बुडाचा नट बसवला तर तो कडेवरच टेकतो आणि काही दिवसांत सैल होतो.

ब्रेक कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, हा शेवटचा अडथळा. ज्या ८६ ला पुढे ३२६ मिलिमीटरच्या डिस्कचे ब्रेम्बो ब्रेक आहेत, तिथे १७ इंची चाकाच्या आऱ्यांना कॅलिपर घासण्याची शक्यता असते. बरेच ब्रेक-उत्पादक कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा आणि नव्या रिमच्या आत फिरवून पाहावा. आरे आणि कॅलिपर यांत निदान ३ मिलिमीटर मोकळे हवेत. बॅलन्सिंगची चिकट वजने आतून कुठे लागणार आहेत, हेही त्याच वेळी बघून घ्यावे.

गाडीवर प्रत्यक्ष मोजणे

पैसे देण्यापूर्वीचे काम इथे संपते. गाडी सपाट जमिनीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून उभी करावी. मडगार्डच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर, ओळंबा सोडावा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर जाड दोऱ्याला मोठा नट बांधला तरी भागते. दोरा आणि टायरची सर्वांत बाहेर आलेली जागा यांतले अंतर मोजावे. हे झाले बाहेरचे माप. आतल्या मापासाठी चाक डावीकडे-उजवीकडे वळवून टायरची आतली बाजू आणि पुढचा स्ट्रट यांच्यामध्ये मोजपट्टी घालावी. चारही चाकांवर ही मापे घ्यावीत, कारण कुठे कधी ठोकर बसलेली गाडी असेल तर डाव्या-उजव्या बाजूत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज सापडतो.

मापे वाचताना एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असल्यामुळे स्ट्रट आणि चाक एकाच गाठीला (नकलला) घट्ट बांधलेले आहेत. स्टिअरिंग वळले तरी दोन्ही एकत्र वळतात आणि चाक वर गेले तरी त्यांच्यातले अंतर बदलत नाही. म्हणून तिथे ४ ते ५ मिलिमीटर मोकळे राहिले तरी चालते. कमान आणि मडगार्ड मात्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहेत आणि चाक त्यांच्या सापेक्ष वर, खाली, पुढे, मागे सतत हलत असते. तिथे चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मागच्या बाजूला दुहेरी विशबोन असल्याने डँपर (शॉक अब्सॉर्बर) आणि चाक यांतले अंतरही हालचालीनुसार बदलते, म्हणून तिथे जरा जास्त सैल हात ठेवावा.

शक्य असेल तर टायर चढवण्यापूर्वी नवी नुसती रिम हबवर बसवून पाहावी. विश्वासू दुकानदार याला नाही म्हणत नाही, कारण टायर चढवलेली रिम परत घेणे त्यालाही परवडत नाही. मी त्या वेळी मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती वापरतो. तिचा करंगळीएवढा गोळा कॅलिपरच्या बाहेरच्या बाजूला आणि दुसरा स्ट्रटवर लावायचा, रिम बसवून हाताने एक फेरा फिरवायची, काढायची आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजायची. जिथे मोजपट्टी शिरत नाही तिथले माप ती माती अचूक देते.

टायर निवडताना

रुंदीच्या नादात भारांक विसरला जातो. मूळच्या २१५/४५आर१७ वर ८७ हा अंक असतो, त्याचा अर्थ एका टायरची वहनक्षमता ५४५ किलो. नव्या टायरचा अंक याहून कमी असता कामा नये. २४५/४०आर१७ चा ९१ म्हणजे ६१५ किलो, २२५/४०आर१८ चा ८८ म्हणजे ५६० किलो, आणि त्याच आकाराच्या एक्स्ट्रा लोड प्रकाराचा ९२ म्हणजे ६३० किलो. यातली मेख अशी की एक्स्ट्रा लोड टायरची पूर्ण क्षमता जास्त हवेच्या दाबावर मोजलेली असते. अंक मोठा आहे म्हणून हवा कमी ठेवली तर चालते, हा समज उलटा आहे. वेगाचे अक्षरही मूळच्या इतके किंवा वरचे घ्यावे.

साइडवॉलवरचा चार आकडी उत्पादन-शिक्का वाचूनच टायर घ्यावा. पहिले दोन अंक आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. "नवा" म्हणून विकला जाणारा टायर तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. जुन्या बाजारातून रिम घेत असाल, तर रिमच्या आतल्या बाजूला हाताने चाचपून पाहा. वेल्डिंगचा उंचवटा लागला की दुसरीकडे चला. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल हे तिथल्या चाकांच्या मानकाचे चिन्ह ओतलेले असते. नुसता स्टिकर लावलेला असेल तर त्याला किंमत देऊ नये.

बसवण्याचा दिवस

टायर रिमवर चढवण्याचे काम घरी करण्यासारखे नाही. आखूड साइडवॉलचा टायर साध्या यंत्रावर चढवताना रिमची कड हमखास खरवडली जाते, म्हणून दुकानात आधी यंत्र बघून घ्यावे. गाडीला टायरमधल्या हवेचे सेन्सर असतील तर ते जुन्या चाकांतून काढून नव्यात बसवावे लागतात किंवा दुसरा संच घेऊन गाडीला ओळखवून द्यावा लागतो.

गाडीवर चाके चढवणे मात्र स्वतः करावे. हँडब्रेक ओढून, उचलायच्या नसलेल्या टोकाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. मग गाडी उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाच्या कमानीत डोके घालू नये. चाक निघाल्यावर हबचा सपाट पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करावा. वर्षानुवर्षांचा गंज तिथे पापुद्र्यासारखा बसलेला असतो, आणि नखाएवढा पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक तिरके बसते. स्टडच्या आट्यांना तेल लावू नये, कारण तेलकट आट्यांवर टॉर्क रेंचचा तोच आकडा नटाला प्रत्यक्षात कितीतरी अधिक ताण देतो.

मधली कडी बसवून, चाक हबवर सरळ ढकलून, पाचही नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवावेत. मग चाक हवेत असतानाच लहान पान्याने, एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने, बेताचे आवळावेत. गाडी जमिनीवर उतरवल्यानंतर त्याच क्रमाने टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरपर्यंत न्यावे. रेंच "टक्" म्हणाला की थांबावे. पुन्हा एकदा खात्रीसाठी जोर लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती रेंच बाळगण्याचा हेतूच फुकट घालवते. ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर, चाके थंड असताना, हेच आवळणे पुन्हा तपासावे. नव्या रिमवर पहिल्या खेपेला एखादा नट थोडा फिरतोच.

स्टेपनी विसरू नका. या गाडीला मागे टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटून एकाच चाकाचे घसरणे रोखणारा गिअरसंच) असेल आणि नव्या टायरची उंची वाढलेली असेल, तर मागच्या एका बाजूला बुटकी स्टेपनी लावून लांब पल्ला मारणे डिफरन्शियलला सोसत नाही. मागचा टायर पंक्चर झाला तर पुढचे चाक मागे आणि स्टेपनी पुढे लावावी. रस्त्याकडेला दुप्पट मेहनत पडते, पण स्वस्तात सुटका होते.

घासले तर

पहिली फेरी मोकळ्या जागेत मारावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून हळू पुढे-मागे करावे, मग मागे दोन माणसे बसवून उताराच्या तोंडाशी गाडी तिरकी चढवावी, म्हणजे एक चाक कमानीत पूर्ण वर जाते. कमानीच्या कडेला आधी खडू फासला असेल तर तो कुठे पुसला गेला यावरून घासण्याची नेमकी जागा सापडते. पुढे बहुधा आतले प्लास्टिक अस्तर आणि बंपर-मडगार्ड जोडणारा कोपरा लागतो. मागे मडगार्डची आत वळलेली कड लागते. अस्तर गरम हवेने मऊ करून मागे दाबता येते. पत्र्याची कड आत वळवायची असेल तर रंग गरम करून, हळूहळू, अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी. थंड रंगाला तडे जातात आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज डोके काढतो.

कॅम्बर हा अधिक शहाणा उपाय आहे. ८६ चा पुढचा कॅम्बर मुळात जवळपास शून्य असतो. स्ट्रट आणि नकल यांना जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एकाच्या जागी विक्षिप्त (मध्य एका बाजूला सरकवलेला) बोल्ट घालून चाकाचा माथा एखाद्या अंशाने आत झुकवता येतो. त्यामुळे मडगार्डकडची जागा वाढते आणि वळणावरची पकडही सुधारते. मात्र या बोल्टने चाक स्ट्रटच्या सापेक्ष झुकते, म्हणजे आतली जागा कमी होते. बाहेरचे घासणे थांबवताना आतले सुरू झाले, असे म्हणत डोके धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. स्ट्रटच्या माथ्याशी बदलता येणारी प्लेट लावली तर स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात आणि आतले अंतर तसेच राहते, पण ती महाग असते. कोणताही उपाय केला तरी टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत-बाहेर वळल्याचा कोन) बदलतो, म्हणून त्यानंतर अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. अन्यथा नवे टायर आतल्या बाजूने काही हजार किलोमीटरांतच गुळगुळीत होतात.

हवेचा दाब दारावरच्या स्टिकरपासून सुरू करावा आणि दोन-तीन आठवड्यांनी टायरच्या तळव्याची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजून त्यात थोडा फेरफार करावा.

कायदा

ऑस्ट्रेलियात व्हीएसबी १४ या राष्ट्रीय संहितेनुसार साध्या प्रवासी गाडीचा टायर कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा १५ मिलिमीटरहून अधिक उंच नसावा, डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतले अंतर २५ मिलिमीटरहून अधिक वाढू नये, आणि कंपनीने न दिलेले स्पेसर लावू नयेत. राज्याराज्यांत बारकावे बदलतात, ते आपल्या राज्याच्या पत्रकात पाहावेत. माझ्या ३५ ऑफसेटच्या संचाने प्रत्येक चाक १३ मिलिमीटर बाहेर आणले होते, म्हणजे दोन्ही मिळून २६. अंतराच्या नियमात एका मिलिमीटरने बेकायदा, आणि उंचीच्या नियमात तर जवळजवळ पाचने! विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवावा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे.

महाराष्ट्रातील वाचकांना ८६ अधिकृतपणे विकत मिळाली नाही, पण हाच हिशेब ते आपल्या गाडीला लावणार असतील तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात घ्यावे. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल त्यानुसार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक स्पष्ट केली. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जो आकार दिला आहे तो निवडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे आणि न रंगवलेले गतिरोधक पाहता, साइडवॉलची उंची मूळपेक्षा कमी होणारा आकार मी तिथे सुचवणार नाही.

मूळची चाके विकू नयेत. ती धुऊन, वाळवून, हवा थोडी कमी करून, अंधाऱ्या जागी आडवी रचून ठेवावीत आणि प्रत्येक टायरवर खडूने "पुढे डावे", "मागे उजवे" असे लिहावे. व्हिक्टोरियात गाडी विकताना रोडवर्दी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे) प्रमाणपत्र काढावे लागते, आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मूळचा संच गॅरेजमध्ये असला, तर फक्त वीस नट बदलण्याचे काम उरते.